माझ्या नावाची खवली

हरणी, बडोदे
४ डिसेंबर १९८३

चि. सुहासिनीस,

आशीर्वाद. घरचे कसे आहेत वगैरे विचारत नाही, कारण कलकत्त्यात तुझं घर म्हणजे तू आणि म्युझियममधल्या बरण्या, आणि बरण्यांतल्या माशांना काही होण्याची वेळ टळून गेलेली आहे.

तुझं पाकीट मंगळवारी आलं. टाइप केलेला लेख, एक्स-रेचे फोटो, लाल रंगवलेल्या हाडांचा एक मोठा फोटो आणि बाबांना वेगळी चिठ्ठी. ‘बाबा, तुमच्या माशाबद्दल आहे. तुम्ही हो म्हणालात तरच छापायला सोडीन.’ हे वाक्य तू लिहायला नको होतंस. शहाणी माणसं असली वाक्यं लिहीत नाहीत. पण तू लिहिलंस, आणि ते मी वाचलं, कारण दसऱ्याच्या झटक्यापासून बाबांचा उजवा हात गेलाय, डोळ्यांना अक्षर लागत नाही आणि जीभ इतकी जड झालीय की त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. त्यांचं येणारंजाणारं सगळं आता माझ्या हातून जातं.

तुझं इंग्रजी सुरेख आहे हो. पहिली दोन पानं तर मला न वाचता पाठ आहेत, माझीच गोष्ट आहे ती. गुजरात वेगळं झालं, दोन-तीन वर्षांत पादरा गावाच्या पुढे रंगाचा कारखाना आला. अडुसष्ट साली मत्स्यखात्यातल्या भास्करराव नावाच्या अधिकाऱ्याला त्याच बाजूला जांबुडीच्या ओढ्यात एक खवली मासळी सापडली, नेहमीच्या खवलीपेक्षा आखूड, पाठीचा कणा शेपटीकडे वळलेला, आणि तरी धारेला तोंड देऊन उभी राहणारी. त्याने तिला नवी जात म्हणून जाहीर केलं आणि थोरल्या मुलीचं नाव दिलं. पुंटियस निरुपमी. लॅटिनमध्ये बाईच्या नावाला शेवटी वेगळी अक्षरं लागतात, पुरुषाच्या नावाला वेगळी. बाबांनी घाईत पुरुषाची लावली होती. तू तेव्हा एम.एस्सी.ला, मुद्रितं तपासताना चूक तूच काढलीस. मला बाई ठेवलंस त्याबद्दल मी तेव्हा पेढे वाटले होते.

आता तुझं म्हणणं असं की ही जात नाहीच. साधी खवली आहे, कारखान्याच्या पाण्याने वाकडी झालेली. पान अकरा: ‘ही जात नव्हे, विकृती आहे. तिला स्वतंत्र नाव असण्याचं कारण नाही.’

सुहास, नवव्या वर्षापासून माझी पाठ डावीकडे गेली. चामड्याचा पट्टा आवळताना दुसरं टोक तू धरायचीस. हे वाक्य टाइप करताना तुझ्या मशीनची एखादी कळ तरी अडकायला हवी होती.

बाबांनी लेख तीनदा वाचून घेतला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. भिंग मागून लाल हाडांचा फोटो कितीतरी वेळ बघितला, मग खाटेसमोरच्या भिंतीवर लावायला लावला. माणूस घाव विसरायचा नाही म्हणून समोर ठेवतो, तसं असावं. तू नाताळात येणार म्हणून लिहिलंयस. ते म्हणाले, तिला येऊ नको म्हणून सांग. मी सांगतेय.

तुझी,
निरूताई


हरणी, बडोदे
१९ डिसेंबर १९८३

चि. सुहासिनीस,

आठ पानी पत्र मिळालं. आठपैकी सहा पानं रडलीयस. उरलेल्या दोन पानांत मला शिकवलंयस.

तू लिहितेस, ‘ताई, तो मासा म्हणजे तू नव्हेस.’ मग मी कोण ते कळव. दारावरची पाटी बाबांची. शाळेच्या वेळापत्रकात मी ‘एन. बी.’, दोन अक्षरं, तीही खडूने. पत्रिका छापायची वेळ आली नाही. बघायला आलेले लोक मला चालायला सांगायचे आणि चालून झाल्यावर तुझं शिक्षण कुठवर आलंय ते विचारायचे. जगातल्या कुठल्याही देशात कोणी जाड पुस्तक उघडलं तर त्यात माझं नाव आहे, एवढंच माझं आहे. ते तू घेतेयस आणि वर मला म्हणतेस मनाला लावून घेऊ नको.

आणि गच्चीवरच्या टाकीचं काय? गेल्या पावसाळ्याआधी गोड पत्र आलं होतं, ‘ताई, जांबुडीची थोडी खवली आणवून घरी पाळ ना, तुझा विरंगुळा होईल.’ मी आणवली. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून टाकीत घालत होते, शेवाळ खरवडत होते, जिना चढताना मला काय होतं ते तुला ठाऊक आहे. अंडी फुटली तेव्हा मीच तुला मोठ्या आनंदाने कळवलं, पिल्लं किती सुंदर, अगदी सरळ! तू उलट टपाली विचारलंस, सगळी सरळ का, नीट बघ. मी भिंग घेऊन बघितलं आणि लिहिलं, सगळी. तो तुझ्या लेखातला सगळ्यात पक्का पुरावा झाला. स्वच्छ पाण्यात वाढली की पिल्लं सरळ निघतात, म्हणजे वाकडेपणा जातीचा नव्हे, पाण्याचा. शेवटी आभारात माझं नाव आहे, ‘मासे सांभाळल्याबद्दल.’ माझ्याच हाताने माझं नाव पुसून घेतलंस, आणि आभार मानलेस! कमाल आहे तुझी.

टाकी मी परवा रिकामी केली. मासे कुठे गेले विचारू नको.

बाबांचं विचारतेस. तेच ते. तुझं नाव काढलं की मान फिरवतात. सयाजीगंजहून मल्हारराव दर रविवारी येत असत, बाबांबरोबर खात्यात होते ते. त्यांना बाबांचं बोलणं थोडंफार लागतं. पण फार बोलून बाबांना दम लागतो, म्हणून सध्या येऊ नका असं मी त्यांना सांगितलंय. तेव्हा त्यांना पत्र टाकून चौकशी करायचा खटाटोप करू नको. त्यांना काही माहीत नाही.

एक वाट आहे. लेख मागे घे. मग बाबांशी मी बोलते.

निरूताई


हरणी, बडोदे
२० जानेवारी १९८४

चि. सुहासिनीस,

उत्तरायणाच्या दिवशी शेजारच्या पटेलांकडे तुझा ट्रंक कॉल आला तेव्हा त्यांच्या गच्चीवर पतंगांच्या ‘काप्यो छे’चा एवढा ओरडा चालला होता की तुझं अर्धं बोलणं मला ऐकूच आलं नाही. उरलेलं अर्धं रडणं होतं. पटेल भला माणूस. म्हणाला, “निरुबेन, काकाने खुरशीमां बेसाडीने लई आवीए, बे जणा उपाडी लेशुं.” खुर्चीत बसवून दोघे जण फोनपाशी उचलून आणतो म्हणे. मी म्हटलं, नको, ते यायचे नाहीत. तुलाही तेच सांगितलं. तू म्हणालीस, ‘एकदा त्यांचा आवाज ऐकू दे, नुसता हुंकार चालेल.’ हुंकाराला काय अर्थ असतो? अर्थ मला लावावा लागतो.

दुसऱ्या दिवशी जांबुडीचे दोघे जण फाटकाशी उभे. त्यांना तुझ्या लेखाची प्रत तू आधीच देऊन ठेवली आहेस, आणि त्यांनी ती कारखान्याच्या पाण्याची सरकारी चौकशी चाललीय तिथल्या अधिकाऱ्याकडे दाखल केलीय, हे मला त्यांच्याकडून कळतं! बाबांच्या होकाराआधी? बरं. त्यांतला वयस्कर म्हणाला, “नानी बेने छापवानी हा पाडी? छपाय तो ज साहेब माने.” धाकट्या बहिणीने छापायला हो म्हटलं का, छापून आलं तरच साहेब मानणार. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. “अमारां छोकरां ए ज पाणी पीए छे, बेन.” मी चहा दिला. बाबांना भेटू का म्हणाले. मी म्हटलं, साहेब झोपलेत.

जाताना दुसऱ्याने त्या माशाला काय म्हटलं माहीत आहे? ‘वांकी.’ जांबुडीत सगळे तेच म्हणतात म्हणे, वांकी माछली. कारखाना यायच्या आधी नव्हती, मागून आली. माझ्यासमोर उभा राहून, माझ्याकडे बघत, अगदी सरळ मनाने तो तो शब्द म्हणाला. मी कपबशा उचलल्या.

तुझा सगळा जोर त्या लोकांवर आहे, ते मला कळलं. कारखान्याचा वकील चौकशीत म्हणतो, जगात कुठे नाही अशी मासळी या ओढ्यात सुखाने नांदते, मग पाणी वाईट कसं? आणि तू म्हणतेस, माझं नाव हटलं की त्या वकिलाचं तोंड बंद होतं. असेल. गावाला विहीर खणता येते. मला दुसरं नाव कुठून मिळणार?

तर आता नीट वाच. बाबांची तब्येत उतरतेय. डॉक्टर म्हणतात उन्हाळा कठीण. तुला त्यांच्या तोंडून ‘ये’ ऐकायचं असेल तर संपादकाला आणि चौकशी अधिकाऱ्याला, दोघांनाही पत्र जाऊ दे. नुसतं ‘काही कारणाने मागे घेते’ चालणार नाही, लोक काहीही कारण समजतील. असं लिही: ‘माझ्या निरीक्षणात चूक होती. ही जात वेगळीच आहे.’ खाली सही. एक प्रत मला. मी ती बाबांना वाचून दाखवीन.

तुझ्या नोकरीचं काय होईल, लोक काय म्हणतील, हे तू विचारलंस. चुका करणारा माणूस म्हणून जगता येतं. मी चूक म्हणूनच जगतेय, आणि बरी आहे.

निरूताई


हरणी, बडोदे
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय सुहास,

दोन्ही पत्रांच्या प्रती पोचल्या. शब्द न शब्द मी सांगितला तसा. सहीही केलीस, पूर्ण नावाची. लहानपणी औषध पिताना डोळे मिटून एका घोटात संपवायचीस, तेच.

बाबांना अजून सांगितलं नाही, त्यांना दोन दिवस ताप आहे. उतरला की सांगते. घाईने तिकीट काढू नको, मी कळवीन तेव्हा निघ.

शाळेतल्या बाईंना मी पुस्तकातलं पान दाखवलं. पुंटियस निरुपमी. त्या म्हणाल्या, अय्या, खरंच का! मी आज बासुंदी केली आणि एकटीने खाल्ली.

तुझी,
निरूताई


हरणी, बडोदे
२५ मार्च १९८४

चि. सुहासिनीस,

तुझी चार पत्रं टेबलावर पडलीयत. चारांतही एकच प्रश्न, बाबा काय म्हणाले. आज उत्तर देते. बसून वाच.

ताप उतरल्यावर, त्या रविवारी, मी तुझी प्रत घेऊन खाटेशी बसले. मल्हाररावही होते. फाटकातून परत पाठवलं तरी माणूस किती वेळा पाठवणार, त्या दिवशी ते सरळ आत आले. मी वाचलं. ‘माझ्या निरीक्षणात चूक होती.’ बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग मला विचारलं, “चूक होती?” मी म्हटलं, “ती म्हणते होती.” ते म्हणाले, “नव्हती.”

 मग म्हणाले, “तिने मान का तुकवली?” मी म्हटलं, “नोकरी सांभाळायची असेल. मोठे कारखानदार आहेत, वरून दाब आला असेल.” हे मी सहज म्हटलं. आधी ठरवलेलं नव्हतं. बाबांनी भिंतीवरच्या फोटोकडे डावा हात केला, काढ म्हणून. मी काढला. मग ते म्हणाले, “तिला येऊ देऊ नको.” इतकं स्वच्छ बोलले की मल्हाररावांनाही पहिल्या फटक्यात कळलं. त्यांना विचार हवं तर. ते गेल्या आठवड्यात मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

आता तुला वाटेल, बाबा तर आधीपासूनच येऊ नको म्हणत होते. म्हणत नव्हते.

डिसेंबरात तुझा लेख वाचला तेव्हा बाबा हसले होते. झटका आल्यानंतर पहिल्यांदा. ओठ एकाच बाजूला जात होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हसत होते. जेवले नाहीत ते आनंदाने. पुनःपुन्हा तेच, “पोरीने पकडलं. शाबास.” फोटो समोर लावला तो येईल त्याला दाखवायला, आणि म्हणून मी येणारे बंद केले. तुला पत्र लिही म्हणाले आणि मजकूर सांगायला लागले. एकेक शब्दाला त्यांना घाम फुटत होता. मी मांडीवर पाटी घेऊन लिहीत बसले. वाण्याकडून आणायचं सामान लिहिलं. तूरडाळ, गूळ, काड्यापेट्या. तू उत्तर पाठवत नाहीस असं मी त्यांना सांगत राहिले, तर म्हणायचे, कामात असेल, तिला त्रास देऊ नको.

हे तुला आता का सांगतेय? मला राग आला म्हणून. तुझा नव्हे.

मल्हारराव गेल्यावर मी बाबांना विचारलं, ती म्हणते ती विकृती आहे हे तुम्हाला इतकं पटलं कसं? तर म्हणाले, मला एकोणसत्तर सालीच कळलं होतं. कारखान्याच्या वरच्या बाजूला ओढ्यात जाळं टाकलं, सगळी खवली सरळ. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. मला बघायला आलेले लोक परत जाताना तसं बघायचे. म्हणाले, “तुला नाव मिळालं होतं. काढून कसं घेणार?”

पंधरा वर्षं, सुहास. पंधरा वर्षं तो ओढा सडत होता, माणसं ते पाणी पीत होती, आणि बाबा गप्प होते, कारण घरात एक वाकडी मुलगी होती आणि तिला खेळणं दिलेलं होतं. मी ज्याला मान समजत होते ती दया होती. असल्या नावासाठी मी तुझी सही घेतली. ते कळल्यावर मी एकटीने का बसायचं? म्हणून तुलाही सांगितलं. आता दोघींना सारखं.

चौकशी गेल्या बुधवारी बंद झाली. तुझ्या सहीचं पत्र वकिलाने मोठ्याने वाचलं म्हणे. अधिकाऱ्याने शेरा मारला, दुर्मिळ जातीच्या वास्तव्यावरून पाणी समाधानकारक दिसते. जांबुडीचा तो वयस्कर माणूस हे सांगायला इथवर आला होता. चहा नको म्हणाला. तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही, तेवढी तुझी बहीण आहे मी.

तू पुन्हा लेख छापशील? छाप ना. एकदा चूक होती म्हणून सही दिलेली बाई आता चूक नव्हती म्हणते, यावर कोण विश्वास ठेवतं ते बघ.

बाबांना मी खरं सांगू शकते. एका वाक्याचं काम आहे: तिने मान तुकवली नाही, मी वाकवली. ते लगेच समजतील, आणि तुझं नाव घेऊन हसतीलही. मग या घरात मी कोण? ज्या खोलीत मी त्यांना अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, तिथे तुझा तो लाल हाडांचा फोटो पुन्हा लागेल. मी सांगणार नाही.

तू यायचं ठरवलंच आहेस, ते कळतंय. खुशाल ये. दार लावणार नाही. त्यांच्या खाटेशी बस, सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. तुझं बोलणं त्यांना कळेल. त्यावर ते काय म्हणाले, ते मी तुला सांगेन.

निरुपमा